उसनं विरजण

हिंगोली जिल्ह्यात जाऊन आलो म्हटलं की आमच्या सोसायटीतली माणसं दोनच प्रश्न विचारतात. तिथं काय आहे, आणि मग तुम्ही कशाला गेला होतात? पहिल्याला मी ‘हळद’ म्हणतो. दुसऱ्याला माणूस बघून उत्तर देतो. एकाला सांगितलं, औंढ्याच्या नागनाथाला अभिषेक होता. दुसऱ्याला सांगितलं, सिद्धेश्वर धरणाला कुलूप लावायचं होतं, एवढं मोठं कुलूप माझ्याशिवाय महाराष्ट्रात कोणाकडे मिळेना. त्यानं गंभीरपणे मान डोलावली. खरं कारण तुम्हालाच सांगतो. मी माझ्या थोरल्या बहिणीला पळवून आणायला गेलो होतो.

आक्का सत्तरीच्या पुढं गेली आहे. जवळा बाजारवरून सिद्धेश्वरच्या रस्त्याला लागलं की आत एक गाव आहे, तिथं ती एकटी राहते. भावजी गेले, मुली सासरी नांदतात, सोबतीला एक लाल कंधारी गाय. आमची आई लवकर गेली, त्यामुळं मला न्हाऊमाखू घातलं ते आक्कानंच. तिच्या वरातीच्या गाडीचं चाक धरून मी असा रडलो होतो की बैलांनी पाऊल उचलायला नकार दिला, असं मी सगळ्यांना सांगतो. आक्का सांगते, बैल चालले. मीच तेवढा राहिलो.

तर बेत असा होता, की आक्काला पुण्याला आणायचं. आलीच नाही, तर निदान तिच्या दारावर कॅमेरा बसवून यायचं.

कॅमेरा का, तर तो माझा धंदा. आयुष्यभर मी भीती विकली. आधी कुलपं विकली, मग कोयंडे, मग दार उघडलं की बोंबलणारी घंटा आणि शेवटी कॅमेरे. गिऱ्हाईक दुकानात शिरताना निम्मं घाबरलेलं असतं, उरलेलं निम्मं आपण घाबरवायचं. आता दुकान दुसऱ्याच्या हवाली केलंय, पण सवय गेलेली नाही. देवळात गेलो तरी आधी दाराचा कडीकोयंडा बघतो, मग देव.

परभणी ते जवळा बाजार

रेल्वेतलं काही सांगण्यासारखं नाही. परभणीला एसटीत बसलो आणि तिथून प्रवास सुरू झाला असं समजा. फाल्गुनातलं ऊन होतं. एसटीच्या पत्र्यावर कोणी भाकरी थापली असती तर जिंतूर फाट्यापर्यंत पापुद्रा सुटला असता. मांडीवर कॅमेऱ्याचं खोकं आणि आक्कासाठी घेतलेला नवा मोबाइल. तिचा जुना फोन नुसता बोलायचा होता आणि माझ्या कॅमेऱ्याला चित्र दिसणारा फोन लागत होता.

शेजारी एक मेंढपाळ बसले होते. घोंगडीतून कोकराचं तोंड बाहेर. कोकरू माझ्याकडे बघत होतं आणि मेंढपाळ खोक्याकडे.

“काय हाय त्याच्यात?”

“डोळा आहे,” मी म्हणालो. “रात्रंदिवस मिटत नाही. चोर दिसला की मला पुण्यात दाखवतो.”

“भुंकतो का?”

“भुंकत नाही.”

“चावतो?”

“नाही.”

त्यांनी कोकराचं डोकं आत ढकललं. “मंग पाव्हणे, नुसतं बघाया आमच्या गावात बी लई जण हायेत.”

मागच्या बाकापर्यंत हशा गेला. मीही हसलो. धंद्यात अपमान हसून घ्यायचा असतो, गिऱ्हाईक कुठं जाणार आहे.

जवळा बाजारला उतरलो तर आठवडी बाजार भरलेला. शेव-रेवडीच्या दुकानाचं पाल धरून उभा राहिलो, तोच पालवाली म्हणाली, “आक्काचे भाऊ न्हवं का तुमी? नाक तेच हाय.” मी गावी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. गावात शिरलो तेव्हा चुलीवर पाणी उकळत होतं, मी चहा किती गोड घेतो यावर गल्लीचं एकमतही झालं होतं. आमच्या पुण्याच्या सोसायटीत मला राहून इतकी वर्षं झाली, पण फाटकावरचा रखवालदार रोज विचारतो, कोणत्या घरी जायचंय? मी रोज माझाच पाहुणा म्हणून सही करतो आणि वर जातो.

आक्काची गल्ली

आक्कानं दही-धपाटे केले होते. मराठवाड्याबाहेर जन्मलेल्यांनी हे वाक्य सावकाश वाचावं. ज्वारीच्या पिठात तिखट, लसूण, कोथिंबीर, ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकलेले, कडेला जरा करपलेले. वर मातीच्या गाडग्यातलं दही, असं घट्ट की गाडगं उलटं धरून आक्कानं मला दाखवलं. मी किती खाल्ले ते सांगत नाही. गाईनं दारातून डोकावून पाहिलं आणि काळजीनं मान फिरवली, एवढं सांगतो.

जेवल्यावर तिला मदत म्हणून मी गाडग्यातलं चमचाभर दही डबीत काढून ठेवलं, उद्याच्या विरजणाला. आक्कानं ती डबी उचलली आणि माझ्यादेखत चाटूनपुसून साफ केली.

“अगं, विरजण होतं ते.”

“आमच्या गल्लीत घरचं विरजण घरात ठेवत न्हाईत.”

तिथली रीत अशी. रोज दिवेलागणीला धार काढून दूध तापवून कोमट झालं की वाटी घेऊन शेजारच्या घरी विरजण मागायला जायचं. आक्का जाते शेजारच्या सगुणाकडे, सगुणा जाते पलीकडच्या घरी, आणि आक्काकडे येतात गल्लीतल्याच एका फौजींच्या घरच्या. सगळ्यांच्या घरी दही असतं, तरी सगळे मागायला जातात. आणि एखादी आली नाही, तर जिनं द्यायचं तिनं वाटी घेऊन तिच्या घरी जायचं.

“काहून?” मी तिच्याच बोलीत विचारलं.

“काहून म्हंजे? आली न्हाई म्हंजे काहीतरी झालं असंल ना. न्हाईतर पडली असंल, न्हाईतर रुसली असंल. दोन्हीला औषध लागतं.”

मी मनात म्हणालो, बरंय, अडाणी काळातली सोय. आता आम्ही आलोय. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावून दारावर कॅमेरा बसवला. ओटा, अंगण आणि गल्लीचा तुकडा, सगळं पुण्याच्या रस्त्यासारखं स्वच्छ दिसायला लागलं. आक्काला मोबाइल दिला. हिरवं दाबलं की घ्यायचा, लाल दाबलं की ठेवायचा, एवढं शिकवलं. सगुणा कंबरेवर हात ठेवून बघत होती. पन्नाशीची बाई, आवाज असा की तिनं गल्लीतून हाक मारली तर धरणावरचे बगळे उडतात.

“भाऊ, म्हंजे आमी लसूण सोलला तरी तुमी पुण्यात बसून पाहणार व्हय?”

“लसूण कशाला बघू. चोर बघीन.”

“चोर काय रोज येतो का? लसूण रोज हाय.”

रोज संध्याकाळी गल्लीतल्या चार बाया आक्काच्या ओट्यावर जमायच्या, त्या दिवशी त्या सगुणाच्या ओट्यावर बसल्या. दुसऱ्या दिवशीही तिथंच. पदर नीट करून कोण बसणार रोज, असं एकीचं म्हणणं. आक्कानं ओटा झाडला, एकटीच बसली, मग आत गेली. मी फोनवर चित्र बघत होतो. मोकळा ओटा, स्वच्छ अंगण, हालचाल शून्य. आमच्या धंद्यात याला सुख म्हणतात.

सिद्धेश्वर

फौजी मला धरण दाखवायला घेऊन गेले. दत्तराव त्यांचं नाव, पण फौजेतून येऊन इतकी वर्षं झाली तरी गावात कोणी नावानं हाक मारत नाही. आता उन्हाळी भुईमूग करतात आणि रानडुकरांशी लढतात. बर्फात पहारा दिलेला माणूस, पण डुकरांचं नाव निघालं की आवाज उतरतो.

पूर्णेचं पाणी चकाकत होतं. खाली कालव्याच्या कडेनं हिरवा पट्टा, वर माळ भाजून निघालेला. भोयांनी नुकतेच मासे आणले होते. कडेच्या झोपडीत एका बाईनं रस्सा करून दिला, लाल, जवसाच्या कुटाचा. पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफ निघाली, दुसऱ्याला मृत काका दिसले. तिसऱ्याला मी अजून वाढायला सांगितलं.

खाताना मी आमच्या सोसायटीचं वर्णन केलं. भिंत एवढी उंच की चंद्राला ओळखपत्र दाखवून यावं लागतं. डास आत शिरला तर वहीत नोंद होते, कोणाला चावायचंय आणि किती वाजता परत जाणार. तीन फाटकं, प्रत्येक जिन्यात कॅमेरा. आणि शेजारी तर काय, मला साधी शिंक आली तरी समोरचे काढा घेऊन येतात. वरचे जेवायला बोलावतात, मला तारीख मिळत नाही.

फौजी काटे काढत ऐकत होते. “आक्कालाबी हेच सांगितलं का?”

“सांगितलं ना. म्हणून तर घेऊन चाललोय.”

“पाव्हणे, सीमेवर आमच्या हातात बंदूक होती, समोर तार होती. तरी चौकीवर एकट्याला उभं करत नव्हते. जोडीदार पाहिजेच. दुश्मन लांब हाय, पन थंडी जवळ हाय. डोळा लागला की हलवायला कोणीतरी पाहिजे.” त्यांनी एक काटा बाजूला ठेवला. “आता तर टीव्हीवर काय काय सांगतात. म्हणे पुढची लढाई पाण्याची, धान्याची, मोबाइलची. मला वाटतं, बरं झालं मी निवृत्त झालो. मला फकस्त समोरून येणारा दुश्मन समजतो. अन् डुक्कर. डुक्कर बी समजून न्हाई राहिलं आता.”

“कॅमेरा घ्या,” मी म्हणालो. सवय.

“आक्का येईल असं वाटतं तुमाला?” त्यांनी विचारलं.

मी रश्शात भाकरी बुडवली. मला तर असं वाटत होतं की मीच इथं राहावं. पण भीती विकणाऱ्यानं असं बोलायचं नसतं.

हिंगोली

परतायच्या आदल्या दिवशी मी एकटाच हिंगोलीला गेलो. आक्काच्या घराला मागचं दार आहे, गोठ्याकडून. तिथं कॅमेरा नव्हता. मला ते दार झोपेत दिसायला लागलं होतं. दुसरा कॅमेरा आणायचाच, असं ठरवून निघालो. आक्कानं दारातून सांगितलं, “लवकर ये रे बापू.” बापू म्हणणारी जगात आता ती एकटीच उरली आहे.

हिंगोलीचा हळदीचा मोंढा ज्यानं पाहिला नाही त्याला पिवळा रंग कळलेला नाही. पोत्यांच्या थप्प्या, चाळण्या, हमाल, बैठकीवर व्यापारी, आणि हवेतच हळद. पांढरा शर्ट घालून आत गेलेला माणूस नवरदेव होऊन बाहेर येतो. मला तर शिंका आल्या त्याही पिवळ्या. एका व्यापाऱ्यानं हळकुंड मोडून दाखवलं, आतला केशरी रंग उन्हात धरला. “पूना का आदमी है? ये सूँघो, फिर पूना की हल्दी को माफ करो.” त्यांच्यासोबत चहा झाला, गप्पा झाल्या. मी त्यांना सांगितलं, आमच्या बहिणीच्या हातची हळद अशी की एकदा जखमेवर लावली आणि शर्टाचं भोकही बुजलं.

मध्येमध्ये फोन काढून आक्काचं दार बघत होतो. दुपारी बघितलं, ओटा मोकळा. चहा पिताना बघितलं, ओटा मोकळा. व्यापाऱ्याला अभिमानानं दाखवलं, “बघा, इथं बसून बहीण सांभाळतोय.” तो म्हणाला, “बहन कहाँ है इसमें?” मी म्हणालो, “आत आहे. सुरक्षित.” फोन मात्र लावला नाही. चित्र दिसत असताना फोन कशाला लावायचा?

दुकानातून दुसरा कॅमेरा घेतला. एसटीत बसेपर्यंत दार बघून बघून माझ्या फोनचा जीव गेला होता.

मागचं दार

गावात उतरलो तर आक्काच्या अंगणात अख्खी गल्ली. गर्दीतून आत शिरलो. आक्का चुलीपाशी भिंतीला टेकून बसली होती. समोर पाण्याचा तांब्या भरलेला तसाच. मला पाहिलं आणि ती उठली. माझ्या दंडाला हात लावला, मग गालाला, मग मनगटं उलटसुलट करून पाहिली.

“तुला सोडलं का रे त्यांनी?”

“कोणी?”

तिनं तांब्या उचलला आणि उभ्यानंच सगळं पाणी प्यायली.

काय घडलं ते सगुणानं सांगितलं. गल्ली मध्ये मध्ये दुरुस्त्या करत होती.

दुपारी आक्काच्या नव्या मोबाइलवर फोन आला. आक्कानं मी शिकवल्याप्रमाणे हिरवं दाबलं. पडद्यावर खाकी कपड्यातला माणूस. हिंदीतून म्हणाला, मोठ्या शहरातून पोलीस बोलतोय, तुमच्या घरचा माणूस पकडलाय. आक्का म्हणाली, “बापू का?” तो म्हणाला, हां, बापू. मग म्हणाला, फोन बंद करायचा नाही, खोलीतून हलायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही. बोललात तर बापूचे हाल होतील. तुम्हीपण अटकेत आहात, फोनवरच.

आणि आक्का बसून राहिली, पडद्यासमोर, पाठ ताठ करून. बाहेर गल्लीतून माणसं जात होती. एक हाक मारली असती तर दहा जण आत आले असते. तिनं मारली नाही, कारण हाल माझे होणार होते. वर दारावर माझा कॅमेरा मोकळ्या ओट्याकडे टक लावून बसला होता, आणि तो मोकळा ओटा बघून मी हिंगोलीत चहा पीत होतो.

“मंग त्यानं बँकेचे आकडे मागितले,” सगुणा म्हणाली. “आक्काकडं चष्मा न्हाई. चष्मा राहिला माझ्या घरी, सकाळी तांदूळ निवडताना. आक्का म्हनली, साहेब, चष्मा आनते. तो म्हने, हलायचं न्हाई. मंग वाचू कशी? तो म्हने, वाच. ही म्हने, चष्मा. दोन घंटे हेच.”

“त्यानंच कोंडलं अन् त्यालाच तकलीफ झाली,” फौजी म्हणाले.

“मंग धारेची येळ झाली,” आक्का मध्येच बोलली. “गाय हंबरून राहिली. मी म्हनलं, साहेब, धार काढून येते, परत बसते अटकेत. तर मला दटावलं त्यानं.”

दिवे लागले. सगुणानं विरजण काढून ठेवलं. आक्का आली नाही. सगुणानं वाट पाहिली, मग एका हातात वाटी, दुसऱ्या हातात चष्मा घेऊन निघाली. पुढच्या दारानं नाही. “तिथं तुमचा डोळा हाय ना, भाऊ. म्या आपली गोठ्याकडून आले.”

ज्या दाराला कॅमेरा आणायला मी हिंगोलीला गेलो होतो, त्याच दारानं.

“आत आले तर आक्का बोट ओठावर ठेवून राहिली. फोनमधून तो वरडला, कौन है वहाँ, बाहर जाओ. म्या म्हनलं, बाहर काय को जाऊँ? गल्ली मेरी है. तो म्हने, पुलिस का मामला है. म्या म्हनलं, पुलिस है तो घर में आव, चाय पीव. फोन में कायको लपके बैठ्या?”

“मग?”

“मंग काय. आक्काच्या हातातून घेतला अन् टाकला कणगीत.”

घराच्या कोपऱ्यात नव्या ज्वारीची कणगी होती, गळ्यापर्यंत भरलेली. मोबाइल ज्वारीत बुडाला. पण मी घेतलेला फोन चांगल्यातला, दबून बंद पडणारा नव्हता. आतून दबका आवाज येत राहिला, आप अरेस्ट हैं, हिलना मत, किसी से बात मत करना. ज्वारीनं ते तंतोतंत पाळलं. गल्ली जमली, फौजी आले, त्यांनी कोपरापर्यंत हात घालून फोन काढला आणि विचारलं, “जवान, पोस्टिंग कहाँ है?” तेव्हा कुठं तो गप्प झाला. फौजींनी मग आपल्या फोनवरून खऱ्या पोलिसांना कळवलं. आकडे दिले नाहीत ना, मग वाचलात, असं तिथून सांगितलं.

“सगळ्यांनी समजावलं आक्काला, खोटा मानूस हाय,” फौजी म्हणाले. “तुमाला फोन लावला, तर बंद. मंग तिचा इश्वास बसंना. म्हने, बापू दिसल्याबिगर पानी पिणार न्हाई.”

मी खिशातला मेलेला फोन हातात धरून उभा होतो. एवढ्या वर्षांत मला कधी शब्द कमी पडला नाही. त्या संध्याकाळी काही केल्या एकही खोटं सुचेना.

सगुणानं वाटी पुढं केली. “आक्का, दूध थंडं व्हऊन राहिलं.”

आक्कानं गाईची धार काढली, दूध तापवलं, विरजण लावलं. बाया ओट्यावर बसल्या. शिडी लावून मी कॅमेरा खाली काढला, तोवर त्यांनी लसूण सोलायला घेतला होता.

सकाळी निघताना मी शेवटचा प्रयत्न केला. म्हणालो, “बघितलंस ना काल? एकटी राहू नकोस. चल माझ्याबरोबर.”

“एकटी कुठं होते मी?”

“अगं, पुण्यात तीन फाटकं आहेत.”

“तुला आला असा फोन, तर कोन येईल?”

“अख्खी इमारत येईल. बँड लावून.”

आक्का माझ्याकडे बघत राहिली. माझ्या अर्ध्या थापा तिनंच लहानपणी पाठीशी घातलेल्या, त्यामुळं तिला त्या लांबूनच ओळखू येतात. आमची ही, म्हणजे बायको, गेल्यापासून माझ्या दाराची घंटा वाजते ती सामान पोचवणाऱ्या माणसाची, आणि मुलगा परदेशातून फोन करतो तेव्हा त्याच्याकडे पहाट असते. हे मी तिला कधी सांगितलेलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती, असं तिच्या नजरेवरून दिसलं.

“राहतोस का इथं?” तिनं विचारलं.

मी हसलो. म्हणालो, पुण्यात माझ्यावाचून कुलपं उघडत नाहीत. ती हसली नाही. आत जाऊन तिनं डबीत चमचाभर दही भरलं, फडक्यात बांधलं. “हे पहिल्या दिवसापुरतं. घरात ठेवायचं न्हाई. दही झालं की संपवायचं, अन् दुसऱ्या दिवशी मागायला जायचं.”

“कोणाकडं?”

“कोनाकडं बी. शेजारी कोन राहतं?”

मला नाव आठवलं नाही.

एसटी वळेपर्यंत ती फाट्यावर उभी होती. लहानपणी मी चाक धरलं होतं, आता मी गाडीत आणि ती खाली. या वेळी मात्र एसटी फाट्यावरून हलेना, ड्रायव्हरनं तीनदा गिअर टाकला तरी हलेना. हे मी सगळ्यांना सांगतो.

दोन्ही कॅमेरे फौजींना देऊन आलो. त्यांनी भुईमुगाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बांबूला बांधलेत. रानडुकरं एकदम स्पष्ट दिसतात म्हणे. येतातच, पण दिसतात.

पुणे

डबी मांडीवर धरून आलो. फाटकावर रखवालदारानं विचारलं, कोणत्या घरी? मी सही केली. अकरावा मजला. दूध तापवलं, विरजण लावलं. सकाळी दही झालं होतं, आक्काच्या गाडग्यासारखं नाही, पण झालं होतं. चमचाभर बाजूला काढायला हात आपोआप गेला. मग ओढून घेतला. सगळं दही खाल्लं, वाटी चाटूनपुसून साफ केली.

दिवेलागणीला दूध कोमट झालं. आक्काचा फोन आला, जुन्या फोनवरून. नवा तिनं सगुणाला दिलाय. “गेलास का?” मी म्हणालो, निघालोच. मागून सगुणाचा आवाज, “भाऊ, वाटी रिकामी न्या, तोंडबी रिकामं ठेवा. लई सांगत बसू नका.”

समोरचं दार. त्याच्या चौकटीवर एक कॅमेरा आहे, आमच्याच दुकानातून बसवलेला. मी घंटा दाबली. कॅमेऱ्यावर लाल ठिपका लागला आणि जाळीतून बाईचा आवाज आला, “कोण?”

जिभेवर खूप काही आलं होतं. मी वाटी कॅमेऱ्यासमोर धरली.

“समोर राहतो. थोडं विरजण मिळेल का?”

वरची कडी सरकली. मग मधलं कुलूप, त्याचा खटका मी अंधारातही ओळखीन, असली मी पोत्यानं विकलीत. खाली साखळी होती, ती अजून अडकलेलीच होती. मी वाटी दोन्ही हातांत धरून उभा राहिलो.